टाकी रिकामी होण्याआधी : अंतराळ खेळातल्या सामूहिक मोहिमेची इंधन आणि बचावाची तयारी

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दिवसा घराबाहेर पडवत नाही. कॉलेजला सुट्ट्या असतात, रात्री कूलरसमोर कॉम्प्युटर लागतात आणि 'एलिट डेंजरस'च्या लांब मोहिमा याच दिवसांत ठरतात. २०१४ साली केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सने हा खेळ काढला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या आकाराची आहे, सुमारे ४०० अब्ज तारामंडळांची (मंडळ म्हणजे तारा आणि त्याभोवतीचे ग्रह). आकाशगंगेच्या पार पलीकडच्या काठावरचे बीगल पॉइंट सूर्यापासून ६५ हजार प्रकाशवर्षांहून दूर आहे. एका जंपमध्ये, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर घेतलेल्या उडीत, ६० प्रकाशवर्षे जाणाऱ्या जहाजालाही तिथवर हजाराहून जास्त जंप लागतात. जानेवारी २०१९ मध्ये निघालेल्या 'डिस्टंट वर्ल्ड्स २' या मोहिमेत हजारो खेळाडू त्या दिशेने गेले होते.

इतक्या लांब इंधन संपले आणि जहाज गेले, तर नवे जहाज विम्यातून मिळते. वाटेत नोंदवलेल्या ग्रहताऱ्यांची न विकलेली माहिती मात्र कायमची जाते. कित्येक आठवड्यांची मेहनत एका रात्रीत पुसली जाते, म्हणून ही तयारी मनापासून करायची. खाली जे सांगितले आहे ते चार-पाच जणांच्या गटालाही पुरेल आणि पन्नास जणांच्या गटालाही.

तारे ओळखायला शिका

जहाजाला फ्युएल स्कूप (ताऱ्याजवळून इंधन ओढून घेणारे यंत्र) असला तरी इंधन प्रत्येक ताऱ्याकडून मिळत नाही. के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या सात वर्गांच्या ताऱ्यांकडूनच ते घेता येते. खेळाडू हे वर्ग 'केजीबी फोम' असे पाठ करतात. एल, टी आणि वाय हे तपकिरी खुजे तारे, टी टॉरी, वुल्फ-रायेट, कार्बन तारे, श्वेत खुजे, न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांच्यापाशी टाकी भरत नाही.

ही विभागणी खेळापुरती बनवलेली नाही. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांना हीच अक्षरे देतात. तपकिरी खुज्या ताऱ्याचे वस्तुमान इतके कमी असते की त्याच्या पोटात हायड्रोजनचे साधे संमीलन टिकतच नाही. प्रत्यक्षातही बहुसंख्य तारे एम वर्गाचे आहेत आणि एमपाशी टाकी भरते, त्यामुळे साधारण प्रवासात हा प्रश्न फारसा जाणवत नाही. अडचण येते ती तीन जागी. एक, सलग तपकिरी खुजे लागणाऱ्या पट्ट्यात. दोन, आकाशगंगेच्या काठाला किंवा पातळीच्या फार वर-खाली, जिथे तारेच विरळ असतात. तीन, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या साखळीवर.

तिसऱ्या जागेवर थोडे थांबतो, कारण अनुभवी खेळाडूही तिथे फसतात. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून गेल्यावर पुढच्या एका जंपची रेंज चौपट होते. वेग इतका वाढतो की माणूस एका न्यूट्रॉनवरून दुसऱ्यावर जात राहतो आणि वाटेत एकही स्कूप करण्याजोगा तारा लागत नाही. त्यात दर झोताला एफएसडी (जंप मारणारे इंजिन) थोडा झिजतो. म्हणून मार्गच असा आखा की दर तीन न्यूट्रॉन जंपांनंतर एक थांबा इंधनाच्या ताऱ्यापाशी येईल.

गॅलॅक्सी मॅपमध्ये ताऱ्यांच्या वर्गाचा फिल्टर आहे. त्यात हे सात वर्ग ठेवून बाकीचे काढा आणि तो फिल्टर मार्गालाही लावा. मंडळाच्या नावावरूनही अंदाज येतो. 'ईओएल प्राऊ आरएस-टी डी३-९४' यासारख्या नावात आकड्यांआधी येणारे अक्षर ए ते एच यांपैकी असते आणि ते मंडळाचे वस्तुमान सांगते. ए असेल तर लहान तारे, म्हणजे एम नाहीतर तपकिरी खुजे. डी असेल तर बहुधा सूर्यासारखे किंवा त्याहून मोठे. ओळीने ए-ए-ए दिसू लागले की सावध व्हा.

मार्ग सगळ्यात कमी रेंजच्या जहाजाचा

चिखलदऱ्याला चार गाड्या निघाल्या तर घाट चढण्याआधी परतवाड्यात सगळ्यात लहान टाकीच्या गाडीचा काटा बघितला जातो. इथेही हिशेब तसाच आहे. निघण्याआधी प्रत्येकाने तीन आकडे लिहून द्यावेत : जंप रेंज, टाकी किती टनांची, आणि एका जंपला जास्तीत जास्त किती इंधन लागते. हा तिसरा आकडा एफएसडीच्या माहितीत मिळतो. पाचव्या आकाराच्या चांगल्या एफएसडीला तो पाच टनांच्या आसपास असतो.

७० प्रकाशवर्षे रेंज असलेल्याने आखलेल्या मार्गावर ४५ वाल्याला वेगळे वळण घ्यावे लागते. वेगळे वळण म्हणजे वेगळे तारे, आणि मग तो कुठे आहे हे गटाला कळत नाही. विरळ भागात एफएसडी इंजेक्शनने, म्हणजे गोळा केलेले साहित्य खर्चून, एका जंपची रेंज २५, ५० किंवा १०० टक्के वाढवता येते. पण असे साहित्य खर्चून ज्या मंडळात शिरलात, तिथून बाहेर पडायलाही तितकेच साहित्य लागणार आहे. परतीच्या जंपचे साहित्य हातात नसेल तर ती पुढची जंप मारू नका. इथे मी कोणालाच सूट देणार नाही.

२०२४ पासून आलेल्या एससीओ ड्राइव्हचेही भान ठेवा. सुपरक्रूझमध्ये (एकाच मंडळातल्या वेगवान प्रवासात) वेग वाढवून दूरचा ग्रह गाठायला तो उत्तम आहे, पण तो चालू असताना इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

थांबण्याची रेषा आधीच ठरवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अडकलेल्यांपैकी बहुतेकांची टाकी अचानक रिकामी झालेली नसते. त्यांना कमी होताना दिसत असते. 'पुढचा तारा बघू' म्हणत ते एक जंप मारतात, तिथे पुन्हा टी वर्गाचा तारा निघतो, मग अजून एक. शेवटच्या जंपनंतर मदत मागेपर्यंत बचाव करणाऱ्याचे काम अवघड होऊन बसलेले असते.

म्हणून रेषा ठरवा : दोन पूर्ण जंपांइतके इंधन उरले आणि पुढे स्कूपचा तारा पक्का दिसत नसेल, तर थांबायचे आणि सांगायचे. जंपमागे पाच टन लागत असतील तर रेषा दहा टनांची. ही रेषा मोहिमेच्या पहिल्याच रात्री मोठ्याने सांगितली पाहिजे, आणि ती गटातल्या जुन्या माणसाने सांगावी. नवा पोरगा 'दादा काय म्हणतील' या संकोचापायी गप्प राहतो आणि त्या गप्प बसण्यातच त्याची टाकी संपते. पहिल्या आठवड्यात जुन्या खेळाडूंनी एकदा तरी मुद्दाम थांबून मदत मागावी. नव्यांची भीड मोडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

थांबल्यावर एक मार्ग बरेचदा आपल्याच हातात असतो. जंपचे इंधन अंतराच्या प्रमाणात लागत नाही. अंतर निम्मे केले की इंधन एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी लागते. ६० प्रकाशवर्षांच्या जंपला पाच टन पिणारे जहाज ३० प्रकाशवर्षांना साधारण एकाच टनात जाते. म्हणजे टाकीत दोन-तीन टन असले तरी नकाशावर जवळचा एम तारा शोधून छोट्या जंपांनी तिथे पोहोचता येते. मार्गाची पद्धत 'सर्वांत वेगवान' वरून 'किफायतशीर' करून बघा. हे मात्र थांबून, गटाला सांगून आणि कोणाकडून तरी हिशेब तपासून घेऊनच करायचे.

बचाव जहाज कसे सजवावे

गटात किमान एक जहाज बचावासाठी ठेवा, मोठ्या गटात दोन. त्यात फ्युएल ट्रान्सफर लिम्पेट (दुसऱ्या जहाजापर्यंत इंधन नेणारा छोटा ड्रोन) सोडणारा कंट्रोलर, लिम्पेट ठेवायला कार्गो रॅक, चांगला स्कूप आणि मोठी टाकी हवी. एक लिम्पेट एक टन इंधन देते. पहिल्या आकाराचा कंट्रोलर एका वेळी एकच लिम्पेट सोडतो, तिसऱ्या आकाराचा दोन, पाचव्याचा चार. तिसरा बहुतेक गटांना पुरतो. लिम्पेट संपली तर १० लोह आणि १० निकेल खर्चून जागेवर चार नवी बनवता येतात, म्हणून हे साहित्य साठवून ठेवा.

बचाव जहाजाने कधीही सगळ्यांच्या पुढे जाऊ नये. एकच असेल तर ते शेपटाला राहू द्या, कारण मागे पडलेला माणूसच बहुधा अडकतो.

हाक आली की

अडकलेल्याने काय सांगायचे हे आधीच ठरलेले असावे : मंडळाचे नाव, टाकीत किती टन, ऑक्सिजनची उलटी मोजणी (इंधन संपून लाइफ सपोर्ट, म्हणजे हवा पुरवणारी यंत्रणा, बंद पडली की लागते ती) सुरू आहे का, आणि खेळ लाइव्ह आकाशगंगेत सुरू आहे की लेगसीत. २०२२ च्या अखेरीस या दोन आकाशगंगा वेगळ्या झाल्या आणि एकीतला खेळाडू दुसरीतल्याला भेटू शकत नाही. मंडळाचे नाव हाताने टाइप करू नका, नकाशातून कॉपी करा. डी३-९४ च्या जागी डी३-४९ झाले की बचाव जहाज भलत्याच ठिकाणी जाते.

चांगली हाक अशी असते : 'भाऊ, थांबलो. नऊ टन, ऑक्सिजन ठीक, पुढचे तिन्ही तारे टी.' आणि उत्तर असे : 'तिथेच राह्य. मॉड्यूल बंद कर, मी निघालो.'

ऑक्सिजनची मोजणी दिसत असेल तर बाकी सगळे सोडून आधी मुख्य मेनूवर लॉग आउट व्हा. बाहेर असताना मोजणी थांबते. ई दर्जाच्या लाइफ सपोर्टला पाच मिनिटे मिळतात, ए दर्जाच्या लाइफ सपोर्टला पंचवीस. ही मिनिटे बचाव जहाज मंडळात पोहोचल्यावर लागणार आहेत, बोलण्यात ती घालवायची नाहीत.

मोजणी सुरू नसेल तर क्रम असा ठेवा. सुपरक्रूझमधून बाहेर या. जहाज पूर्ण थांबवा. मग लाइफ सपोर्ट सोडून सगळी मॉड्यूल (जहाजातली यंत्रे) बंद करा. थांबण्याआधी थ्रस्टर (जहाज ढकलणारी आणि थांबवणारी इंजिने) बंद केले तर जहाज वाहत राहते आणि लिम्पेटला त्याचा पाठलाग करावा लागतो. मधे कधीही मोजणी दिसली तर लगेच लॉग आउट.

बचाव करणाऱ्याने अडकलेल्याच्या अलीकडचा शेवटचा स्कूप करण्याजोगा तारा शोधून तिथे टाकी काठोकाठ भरावी. समजा टाकी ३२ टनांची आहे. शेवटच्या जंपला पाच टन गेले, २७ उरले. दहा टन दिले तरी १७ राहतात आणि पाच टनांत परत येता येते. हा हिशेब बसत नसेल तर निघू नका, दुसरे जहाज बोलवा. आपलाच बचाव करणारा अडकला तर पूर्ण रात्र जाते.

मंडळात पोहोचल्यावर फ्रेंड रिक्वेस्ट, मग टीमचे आमंत्रण, मग अडकलेल्याने बीकन (आपली जागा दाखवणारा संकेत) लावायचा. दोघे एकाच मोडमध्ये, ओपन किंवा त्याच प्रायव्हेट ग्रुपमध्ये असले पाहिजेत. बीकन दिसला की त्याला धरून जवळ उतरा आणि अडकलेल्याच्या जहाजाला टार्गेट करून लिम्पेट सोडा.

गटात कोणीच पोहोचू शकत नसेल तर 'फ्युएल रॅट्स' आहेत. २०१५ पासून हे स्वयंसेवक जगभरातल्या अनोळखी खेळाडूंना इंधन पोहोचवत आले आहेत. त्यांच्याकडे जायला लाजू नका. त्यांनाही हाक लवकर गेली तर काम सोपे होते. जहाजाचा पत्रा फाटला असेल तर 'हल सील्स' हा गट दुरुस्तीला येतो.

कॅरिअर आणि घड्याळ

गटाकडे फ्लीट कॅरिअर (इतर जहाजे वाहून नेणारे महाकाय जहाज) असेल तर त्याचे इंधन वेगळे, ट्रिटियम. टाकी हजार टनांची आणि एक जंप जास्तीत जास्त ५०० प्रकाशवर्षांची. पूर्ण भरलेल्या कॅरिअरला अशा जंपला १३० टनांच्या आसपास लागतात, रिकाम्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. अनावश्यक माल उतरवणे हेच इथे सर्वांत मोठे इंधन वाचवणे आहे. ट्रिटियम ग्रहांभोवतीच्या बर्फाळ कड्यांत खणून मिळते, म्हणून अशी कडी वाटेत कुठे आहेत ते आधी नोंदवा. कॅरिअर बोलावल्यावर जंप व्हायला किमान पंधरा मिनिटे जातात आणि त्यावर रिफ्युएल सेवा बसवलेली नसेल तर जहाजाची टाकी तिथे भरत नाही.

खेळातले घड्याळ यूटीसीवर चालते. आपण साडेपाच तास पुढे. 'रात्री २० वाजता भेटू' असे परदेशी सोबत्याने म्हटले तर नागपुरात तेव्हा दीड वाजलेला असतो. भेटीची वेळ नेहमी दोन्ही घड्याळांत लिहा.

आणि लाइन. मे-जूनच्या वादळी संध्याकाळी ती हमखास जाते. कॉम्प्युटर बंद पडला तरी आपले जहाज काही वेळात आकाशगंगेतून निघून जाते आणि टाकी तशीच राहते. अर्ध्यावर सोडलेला बचाव मात्र लटकतो. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, बचाव जहाज चालवणाऱ्या दोघांचे फोन नंबर गटात सगळ्यांकडे असू द्या, आणि अर्ध्या तासात निरोप आला नाही तर दुसऱ्याने निघायचे हे ठरवून ठेवा.

इंधन मिळाल्यावर

मॉड्यूल एकेक करून चालू करा, थ्रस्टर आणि एफएसडी दोन्ही सुरू झाले याची खात्री करा. मग मोहिमेच्या मार्गाला न लागता जवळच्या स्कूप करण्याजोग्या ताऱ्यावर जा. बचाव करणाऱ्याने टाकी पूर्ण भरेपर्यंत सोबत राहावे. अडकलेल्या मंडळाचे नाव आणि आजूबाजूच्या ताऱ्यांचे वर्ग गटाच्या यादीत त्याच रात्री लिहा, मागून येणारे दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यातून जाणार असतात.