बुंधा जाड करायचाय? मग मृगाआधीच कामाला लागा

बाल्कनीतल्या कुंडीत पाच वर्षं काढूनही माझ्या नांद्रुकाच्या बोन्सायचा बुंधा अंगठ्याएवढाच आहे. त्याच झाडाची फांदी सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात खोचली होती, ती आज मनगटाएवढी झालीय. मुळं अडली की वरची वाढ अडते, आणि बुंधा तर पानांच्या जोरावरच भरतो. म्हणून बोन्साय करायचं झाड आधी जमिनीत वाढवायचं आणि बुंधा भरला की उपटून कुंडीत आणायचं.

तेव्हा आधी जागा बघा. वड, पिंपळ, नांद्रुक यांची मुळं ड्रेनेजच्या पाइपात आणि भिंतीच्या भेगेत शिरतात, म्हणून टाकी आणि कंपाउंडपासून लांबच लावा. सेक्रेटरींकडून लेखी होकार घ्या. शहरातलं झाड तोडायला १९७५च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पुढे छाटणी आणि उपटणं आहेच, म्हणून वॉर्डाच्या उद्यान खात्यातही आत्ताच विचारून ठेवलेलं बरं. जमीनच नसेल तर मोठी ग्रो बॅग चालेल, फक्त वेग कमी.

आपल्याकडे खणलं की मातीआधी राडारोडा लागतो. पहारीनं तो काढा, लाल माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड मिसळा आणि वीतभर उंच वाफा करा. मुंबईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, खड्ड्यात लावलेलं रोप जुलैत कुजलंच म्हणून समजा.

आता फरशी, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी पसरतील. घरातली उरलेली टाइल चालते. रोपाचं सोटमूळ छाटा, टाइल मातीत आडवी ठेवा, तिच्यावर रोप बसवून मुळं चक्राच्या आऱ्यांसारखी चारी बाजूंना पसरा आणि मग माती ओढा. एकावर एक चढलेली मुळं इथेच सोडवा. दोन वर्षांनी ती जाड झाली की कुणाच्या बापाला सुटत नाहीत! याला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

बुंध्याला वळण हवं असेल तर तो पेन्सिलीएवढा असतानाच अॅल्युमिनियमची तार गुंडाळा. पावसात दर पंधरवड्याला बघा, नाहीतर तार सालीत रुतते.

त्यानंतर कात्री लपवून ठेवा. खालची एक फांदी, शक्यतो मागच्या बाजूची, हवी तेवढी वाढू द्या, तिच्याखालचा बुंधा भरेल. जाडी मनासारखी झाली की ती फांदी काढा आणि शेंडाही करवतीनं खाली आणा. नवा कोंब वर गेला की बुंधा खाली जाड, वर निमुळता होतो. नांद्रुकाचा चीक कपड्यांना लागला तर निघत नाही, जुना शर्ट घाला.

दोन पावसाळे तरी झाड उपटू नका. चिंचेला याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

आणि पाटी लावा. माझी एक कामिनी गवताबरोबर कापली गेली. माळीबुवांना बोल लावून काय उपयोग, पाटीच नव्हती. ऑइलपेंटनं लिहा, मार्करची अक्षरं पहिल्याच पावसात जातात.