स्वतःच्या रानात ऑफरोडिंगला गाड्या सोडायच्यात? आधी विहिरीचा कठडा बघा

मोहोळ तालुक्यात आमचं १७ एकर रान आहे, त्यातलं ११ एकर काळं आणि राहिलेलं ६ एकर माळ, मुरूम, दगडगोटे, मधून ओढा. म्हणजे पेरायला कवडीच्या कामाचं नाही पण थारवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटावं असं. दोनेक वर्षांमागं हुरड्याला आलेल्या पाव्हण्यांनी जेवणं झाल्यावर ओढ्यात गाड्या घातल्या, पुढच्या आठवड्यात त्यांचे मित्र आले, मग ‘मामा, गाडीमागं हजार रुपये देतो, फक्त कुणी अडवू नका’ असं सुरू झालं आणि मला वाटलं चला, माळाला एकदाचा भाव आला.

मग एका रविवारी एक गाडी ओढ्याच्या गाळात रुतली, पार एक्सलपर्यंत. पोरांनी गाडी ओढायचा पट्टा काढला, रुतलेल्या गाडीच्या मागच्या टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला अडकवला आणि दुसऱ्या थारनं झटका मारला. गाडी हलली नाही, बॉल तुटला. पट्ट्याबरोबर तो गोळा सुटला तो ओढणाऱ्या थारची मागची काच फोडून सीटच्या फोममध्ये जाऊन बसला. त्या सीटवर पाच मिनिटांआधी पाव्हण्यांची सात वर्षांची पोरगी बसलेली, लघवीला जायचंय म्हणून आईनं खाली उतरवलं होतं. मी तो गोळा हातात घेतला तर मूठभर लोखंड, पण हात थरथरायला लागला. कुणाला खरचटलंही नाही, लोक हसले, व्हिडिओ काढला, मला मात्र रात्री झोप नाही.

सोमवारी ओळखीच्या वकिलांकडं गेलो आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी सगळ्यांच्या सह्या घेतल्यात, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून. ते म्हणाले, त्या पोरीची सही घेतलीस का? तिथंच गप झालो. आता जे शिकलो ते तुमच्यासाठी लिहितोय, कारण हुरड्याच्या सीझनला आपल्याकडं बरेच जण हा उद्योग करायला लागलेत आणि सगळ्यांकडं तोच नेटवरून उतरवलेला फॉर्म आहे.

तो फॉर्म बहुतेक अमेरिकेतला असतो. तिकडं राज्याराज्यांत असे कायदे आहेत की फुकटात लोकांना फिरायला जमीन खुली केली तर मालकाला बरंचसं संरक्षण मिळतं, आणि पैसे घेतले की ते बहुतेक ठिकाणी जातं. आपल्याकडं तसा कायदाच नाही, त्यामुळं त्या फॉर्मच्या भाषेला इथं आधार नाही. पाव्हणा पैसे देऊन आला की तो ग्राहक, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तो जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. ‘आमच्या हलगर्जीपणानं काहीही झालं तरी आम्ही जबाबदार नाही’ असलं कलम करार कायदा १८७२ च्या कलम २३ पुढं, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून, टिकेल असं धरून चालू नका. १८ वर्षांखालच्या पोराचा करारच होत नाही, बापानं सही केली तरी पोराचा हक्क बाप सोडून देऊ शकत नाही. आणि कुणी दगावलं तर पोलीस केस वेगळीच, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तिथं मेलेल्या माणसानं आदल्या दिवशी काय सही केली होती याला कोण विचारतो.

मग सही घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण वेगळ्या कारणासाठी. ती तुमची ढाल नाही, ती ‘मी याला धोका सांगितला होता’ याचा पुरावा आहे. म्हणून मोघम लिहू नका, आपल्या रानाचं लिहा, मराठीत लिहा, इंग्रजीवाला पाव्हणा असेल तर दोन्हींत. माझ्या कागदावर आता असं आहे: ‘आंब्याच्या पलीकडं जुनी विहीर आहे, पांढरे दगड लावलेत त्याच्या पुढं गाडी न्यायची नाही. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही. दारू प्यायलेल्याला गाडी चालवता येणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत.’ गाडीत बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी सही, नुसती ड्रायव्हरची नाही, शिवाय लायसन, आरसी आणि इन्शुरन्सचा फोटो, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर. ५०० च्या स्टॅम्पवर केलं म्हणून त्यात जास्तीची ताकद येत नाही, साध्या कागदावर पण नीट वाचून दाखवून केलेलं बरं. मी तर वाचून दाखवतानाचा व्हिडिओच काढून ठेवतो.

आता इन्शुरन्स, आणि इथं जरा दमानं वाचा. पाव्हणे म्हणतात आमच्या गाडीचा फुल्ल इन्शुरन्स आहे, काळजी करू नका. प्रायव्हेट कारची पॉलिसी उघडून ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’, म्हणजे गाडी कशाला वापरायची आणि कशाला नाही, ते बघा, त्यात भाड्यानं वापर, रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल वगळलेलं असतं. तुम्ही पोस्टरवर ‘ऑफरोड चॅलेंज, पहिल्या तिघांना ट्रॉफी’ छापलं की विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या हातात तुम्हीच कोलीत दिलं. टाइम लावू नका, नंबर काढू नका, फिरायला आलेत फिरू द्या. तुमची स्वतःची पांढऱ्या नंबर प्लेटची, म्हणजे खाजगी जीप असेल आणि पैसे घेऊन लोकांना चक्कर मारून आणत असाल तर तेही भाड्याचा वापर झालं, आणि ती चूक पूर्णपणे तुमच्या अंगावर येते. ओढ्यातलं पाणी इंजिनात जाऊन इंजिन बसलं तर इंजिन प्रोटेक्टचं ॲडऑन नसेल तर सहसा काही मिळत नाही, आणि मग पाव्हणा तुमच्याकडं बघायला लागतो, तेव्हा हेही कागदावर आधीच पाहिजे.

आणि खाजगी रान आहे म्हणजे मोटार वाहन कायदा लागू नाही असं छातीठोक सांगणारे भेटतील. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं १९८८ मध्येच सांगितलंय की लोकांना जिथं जाता येतं, हक्कानं असो की परवानगीनं, ती ‘पब्लिक प्लेस’ धरायची. फाटक उघडून पैसे घेऊन गाड्या आत सोडल्या की तुमचं रान त्यात बसू शकतं. म्हणून थर्ड पार्टी इन्शुरन्स संपलेली गाडी आत घ्यायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आमच्या मेव्हण्याला परत पाठवलाय मी, सहा महिने बोलत नव्हता.

तुमची स्वतःची पॉलिसी वेगळी लागते. एजंटला ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणालात तर तो कधी कधी १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याची पॉलिसी पुढं करतो, ती घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे, तुमच्या ओढ्याशी तिचा काही संबंध नाही. तुम्हाला नॉन-इंडस्ट्रियल वाली पाहिजे. त्यात दोन आकडे असतात, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती, दोन्ही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ईमेलवर विचारा: ‘गाडी चालवणारा पाव्हणा आणि शेजारी बसलेला, यांना इजा झाली तर कव्हर आहे का?’ बऱ्याच पॉलिसीत बघायला आलेला कव्हर होतो आणि भाग घेणारा होत नाही. एजंट फोनवर ‘हो हो सगळं आहे’ म्हणतो, त्याच्या हो ला काडीची किंमत नाही, लेखी उत्तर पाहिजे. जोडीला पाव्हण्यांसाठी ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट मिळतेय का विचारा, आणि फाटकावर, ट्रॅक्टरवर तुमची जी माणसं असतात त्यांच्यासाठी कामगारांची पॉलिसी.

जमिनीचं म्हणाल तर सातबारा काढून बसा. भावाभावांचं सामाईक असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर पुण्यातला चुलता म्हणणार मला काही माहीतच नाही. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन असेल तर तहसीलला विचारल्याशिवाय हात लावू नका. कायमचा ट्रॅक, शेड, पार्किंग करायचं असेल तर बिनशेतीचा विषय येतो, जमीन महसूल संहितेचं कलम ४४. कृषी पर्यटनाची नोंदणी केली म्हणजे झालं असं समजू नका, राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये वेगळं आलंय आणि त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं वेगळी होते, तिथं जाऊन आपला प्रकार त्यात कसा बसतो ते लेखी विचारा. करमाळा-माढ्याकडच्यांनी उजनीच्या फुगवट्याच्या कडेला पाणी ओसरल्यावर जी मोकळी जमीन दिसते ती आपली समजू नये, धरणात संपादित झालेली असते, वर्षानुवर्षं आपणच पेरत असलो तरी. नान्नजकडं माळढोक अभयारण्याच्या जवळ रान असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय चाकसुद्धा फिरवू नका, काळवीट आणि लांडगे आपला बांध मोजून फिरत नाहीत.

आता रान चालत फिरायचं. गाडीतून नाही, चालत, आणि एकदा सूर्य समोर असताना. आपल्याला सवयीनं दिसत नाही ते नव्या माणसाला दिसत नाहीच. आमची विहीर जमिनीबरोबर होती, कठडा नाही, कडेनं घाणेरी माजलेली, आम्हाला ठाऊक आहे म्हणून आम्ही वळून जातो. मी आधी तिला कठडा बांधला, मग वकिलाची फी दिली, आणि तोच क्रम बरोबर आहे असं माझं मत आहे. कारण कोर्टात पहिला प्रश्न हाच असतो की धोका तुला माहीत होता का आणि तू काय केलंस. बोअरची तोंडं बंद करा. महावितरणच्या खांबाला बांधलेली ताणाची तिरकी तार संध्याकाळी दिसत नाही, तिला लाल चिंध्या बांधा. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला झटका मशीन असेल तर त्या दिवशी बंद, स्वीच काढून खिशात. शेततळ्याकडं जाणारी वाट तर बंदच करा, प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, आत गाठी मारलेला दोर आणि ट्यूब सोडून ठेवा. हे सगळं करून फोटो काढा, तारखेसकट, दर महिन्याला परत काढा.

गाड्या आत आल्या की एकच नियम मी आता रागानं पाळतो: टो बॉलला पट्टा लावायचा नाही म्हणजे नाही. गाडी ओढायला कंपनीनं दिलेला रिकव्हरी पॉइंट आणि नीट रेटिंगचा शॅकल, म्हणजे जोडायची कडी, पट्टा तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर मधोमध ओलं पोतं, गाडीत फक्त ड्रायव्हर आणि बाकी सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, तेही बाजूला, सरळ रेषेत नाही. ट्रॅक्टरनं झटका मारायचा नाही, हळू ओढायचं. आत असताना सीटबेल्ट, काचांतून हात बाहेर नाही, चढावर एका वेळी एकच गाडी. १८ खालच्याला स्टिअरिंग नाही, ‘आपल्याच रानात आहे की’ हे ऐकून घ्यायचं नाही. मे महिन्यात दुपारी ठेवू नका, आपल्याकडचं ऊन पुण्यावाल्यांना झेपत नाही.

झालंच काही तर आधी १०८, मग पोलीस ठाणं, मग विमा कंपनी, त्याच दिवशी. पाण्यात किंवा आगीत नसेल तर फोटो काढल्याशिवाय गाडी हलवू नका. जे झालं ते खरं सांगा पण ग्रुपवर खुलासे टाकत बसू नका, आणि दवाखान्याच्या दारात नोटा मोजून मिटवू नका, पावती नसलेले पैसे दिल्याचं कुणालाच आठवत नाही.

पावसाळ्यात मी फाटकच बंद ठेवतो. आपली काळी माती एकदा फुगली की चार बाय चार काय आणि बैलगाडी काय, दोन्ही सारखीच रुततात. ऑगस्टमध्ये फोन येतात, मामा, चिखल कसाय? मी म्हणतो मस्त आहे, दिवाळी झाल्यावर ओढा उतरला की या, आणि येताना इन्शुरन्सचा कागद घेऊन या.