माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या सत्राची तयारी: बॅकअप कोड आधी, बाकी सगळे नंतर

माझा मावसभाऊ यंदा इंदूरमध्येच माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेत आहे. त्याच्यासाठी काढलेली ही यादी त्याच्याबरोबरच्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गुणपत्रिका, मायग्रेशनचा दाखला, मूळ निवासी दाखला, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक) आणि छायाचित्रे महाविद्यालय स्वतःहून मागते, त्यामुळे त्यांविषयी काही सांगत नाही. जी गोष्ट कोणीही मागत नाही आणि जी न केल्यामुळे माझे पहिले सत्र पार विस्कटले, ती म्हणजे आपल्या खात्यांचे बॅकअप कोड, म्हणजे फोन जवळ नसताना खाते उघडायचे राखीव आकडे, कागदावर उतरवून ठेवणे.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) पाहायला राजवाड्याकडे गेलो असताना गर्दीत माझा फोन गेला. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरचे नवे सिम मिळाले आणि मी निश्चिंत झालो. मेल उघडायला बसलो, तेव्हा पासवर्डनंतर विचारले जाणारे सहा आकडे काही केल्या येईनात. ते आकडे सिमवर येतच नव्हते, ते ऑथेंटिकेटर ॲप तयार करत असे. हे ॲप फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून बहुधा दर ३० सेकंदांनी नवे आकडे काढते, त्याला ना सिम लागते ना इंटरनेट, आणि म्हणूनच फोनबरोबर ती किल्लीही जाते. प्रॅक्टिकलचा माझा सगळा कोड ज्या खात्यात होता, ते खाते मला परत मिळाले नाही. फाइल जमा करायला चार दिवस उरले होते. जेवढे आठवले तेवढे पुन्हा लिहिले, आणि दोन प्रयोग राहिले ते राहिलेच.

म्हणून दोन टप्प्यांची सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करा, ती हवीच, पण त्याच बैठकीत बॅकअप कोडही काढा. गूगल दहा कोड देते, प्रत्येक आठ आकड्यांचा, आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते शाईच्या पेनाने दोन कागदांवर उतरवा. त्यांचा स्क्रीनशॉट फोनबरोबर जातो, आणि स्वतःलाच पाठवलेला मेल त्याच बंद खात्यात अडकून पडतो. ॲपची प्रत ऑनलाइन जपून ठेवण्याची सोय असते खरी, पण ती प्रत ज्या खात्यात आहे त्याचेच कुलूप उघडत नसेल, तर तिचा काय उपयोग? एक कागद खोलीवर गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये आणि दुसरा घरी आईजवळ असावा. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नका. फोनचा आयएमईआय क्रमांकही (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) तिथेच लिहा, कारण फोन ब्लॉक करायचा झाल्यास तो लागतो.

लॅपटॉप घेताना रंग आणि वजन पाहण्यात वेळ घालवू नका. नेटवर्क सुरक्षेच्या प्रयोगांना एकाच वेळी दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे संगणक) चालवावी लागतात, आणि ८ जीबी रॅममध्ये ती रखडतात. १६ जीबी घ्या. रॅम जेल रोडवरच्या दुकानांत नंतर वाढवू असा विचार असेल, तर त्या यंत्रात रॅम बदलता येते का, हे विकत घेण्याआधी पाहा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच झाळून पक्की केलेली असते. व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल, तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे अशी मशीन चालवण्याची सोय, बंद असते. इंटेलच्या यंत्रात त्याचे नाव व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम असे दिसते. मात्र बायोसला हात लावण्याआधी थांबा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय) चालू असेल, तर असा बदल केल्यावर यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती की ऑनलाइन खात्यात ठेवलेली असली तर पुन्हा त्या खात्यात शिरता येणे आले. तीही कागदावर लिहा. हे मी तिसऱ्यांदा सांगेन आणि चौथ्यांदाही सांगेन: कागदावर लिहा.

प्रयोग आपल्याच व्हर्च्युअल मशीनवर करावेत. वसतिगृहाच्या वायफायवर एनमॅप (नेटवर्कवरची यंत्रे आणि त्यांचे उघडे पोर्ट शोधणारे साधन) चालवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येते, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिकत होतो, हे कारण तिथे चालेलच असे धरून वागू नका.

अभ्यासात सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांचे लहान गट पाडणे) हाताने सोडवण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. स्लॅश २६ (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी २६ नेटवर्कसाठी) म्हटले की ६४ पत्ते, त्यांतला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम पाठवण्याचा), म्हणजे यंत्रांना उरतात ६२. हे बोटांवर यायला हवे. २२, ५३, ८० आणि ४४३ हे पोर्ट (यंत्रावरच्या वेगवेगळ्या सेवांचे क्रमांक) पाठ करा. ओएसआय या नेटवर्कच्या नमुन्याचे सात थर नुसते घोकू नका, वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची माहिती पकडून दाखवणाऱ्या साधनात) एखादे पॅकेट उघडून त्यातले थर एकेक करून पाहा. प्रयोगाची नोंद करताना कमांड, तिचे उत्तर आणि आलेली चूक त्याच दिवशी लिहावी, कारण तोंडी परीक्षेत प्रश्न बहुधा चुकीवरच येतो.

कोडची प्रत पेन ड्राइव्हवर दर रविवारी घ्या. हजेरीकडे लक्ष असू द्या. परीक्षेच्या आठवड्यात प्रवेशपत्र आदल्या दिवशीच छापून ठेवा, भंवरकुआं भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांत त्या सकाळी रांग असते. त्या दिवशी कागद काढून किती बॅकअप कोड उरले आहेत तेही मोजा. दोन-तीनच उरले असतील तर नवे काढा, आणि नवे काढताच जुने सगळे रद्द होतात, म्हणून जुने कागद फाडून घरी आईजवळचा कागदही बदला.