कुमारवाचकांसाठी कादंबऱ्यांची शिफारस कशी करावी

पुण्यातल्या अनेक वाचनालयांत बालविभाग असतो आणि मोठ्यांची कपाटेही असतात. परंतु आठवी-नववीपासून बारावीपर्यंतचा सभासद या दोहोंच्या मध्ये उभा राहतो आणि बऱ्याचदा रिकाम्या हाताने परततो. त्याच्यासाठी शिफारशींची यादी करायची असेल, तर केवळ प्रकाशकांच्या नव्या सूचीवर विसंबू नये, कारण या वयासाठी मुद्दाम लिहिलेली मराठी कादंबरी मुळात थोडी आहे.

नव्या लेखनाचा शोध साहित्य अकादमीच्या बाल साहित्य पुरस्कारापासून सुरू करणे सोयीचे ठरते. हा पुरस्कार २०१० पासून दिला जातो. मात्र तो कवितासंग्रहांना आणि कथासंग्रहांनाही मिळत असल्याने पुस्तकाचा प्रकार आधी पाहून घ्यावा. मराठीसाठी २०२१ मध्ये संजय वाघ यांच्या ‘जोकर बनला किंगमेकर’ला, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला आणि २०२४ मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला हा मान मिळाला. पुरस्कार मोठी माणसे देतात, हे विसरू नये. यांपैकी प्रत्येक पुस्तक स्वतः वाचावे आणि ते बारा वर्षांच्या वाचकाला द्यायचे की सोळा वर्षांच्या, हे त्यानंतरच ठरवावे.

माझ्या मते यादीचा खरा कस मोठ्यांच्या कपाटाशी लागतो. मिलिंद बोकील यांची २००४ मधली ‘शाळा’ तिथेच असते, आणि तिचा निवेदक नववीतला मुलगा आहे. ती देताना ‘प्रेमकथा आहे’ एवढेच सांगितले, तर मुले घरच्यांपासून लपवून वाचतात किंवा लाजून परत करतात. त्याऐवजी ‘आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग’ अशी ओळख करून द्यावी. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधला लंपन वयाने लहान असला, तरी त्याच्या मनातली खळबळ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना अधिक कळते. त्यातल्या कन्नड वळणाच्या बोलीमुळे इंग्रजी माध्यमातली मुले पहिल्याच कथेत अडखळतात, म्हणून त्यांना काही पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. अनुवादांत राम पटवर्धन यांचे ‘पाडस’ अवश्य ठेवावे. त्याचा शेवट मात्र कोणत्याही कारणाने सांगू नये.

प्रत्यक्ष शिफारस करताना ‘तुला काय आवडते?’ असे विचारू नये, कारण बहुधा खांदे उडवण्यापलीकडे उत्तर मिळत नाही. शेवटपर्यंत वाचलेले मागचे पुस्तक किंवा एका बैठकीत संपवलेली मालिका कोणती, ते विचारावे आणि त्यातले काय धरून ठेवणारे होते, हे दोन प्रश्नांत काढून घ्यावे. रहस्य आवडले असेल, तर रहस्यच द्यावे; ‘आता जरा गंभीर वाच’ हा आग्रह दहावीच्या वर्षात तर मुळीच करू नये. एका वेळी तीन पुस्तके समोर ठेवावीत, त्यांतले एक दीडशे पानांच्या आतले असावे, आणि पहिली दहा पाने तिथेच बसून वाचण्याची मुभा द्यावी.

प्रत्येक पुस्तकासोबत चार ओळींचे कार्ड लावल्यास ग्रंथपाल नसतानाही शिफारस चालू राहते. कार्डावर मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नये. मुख्य पात्राचे वय, त्याच्यासमोरचा पेच, पुस्तकाची पृष्ठसंख्या आणि हिंसा, मृत्यू किंवा शिवीगाळ असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख, एवढे पुरे. शेवटच्या मुद्द्यामुळे पालकांच्या तक्रारींना आधीच उत्तर मिळते.

खरेदीपूर्वी अप्पा बळवंत चौकात पुस्तक हातात घेऊन अक्षरांचा आकार तपासावा, आणि शक्य असल्यास दोन-तीन कुमार सभासदांना सोबत न्यावे. यादी वार्षिक परीक्षा संपताना आणि दिवाळीच्या सुट्टीआधी बदलावी, कारण एरवी क्लासच्या वेळापत्रकातून मोठी कादंबरी पुरी होणे अवघड असते. पुस्तक न संपवता परत आले, तर कोणत्या पानावर थांबलास एवढेच विचारावे आणि तो आकडा कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहावा. अनेकांचे बोट एकाच पानावर थांबत असेल, तर त्या पुस्तकाची शिफारस करताना तेवढा भाग आधी गोष्टीसारखा सांगून पुढचे वाचायला द्यावे.