रिझोल्यूशन मोजायला बसण्याआधी: सोडियम आयोडाइडच्या तयारीची यादी

थॅलियम घातलेला सोडियम आयोडाइड म्हणजे गॅमा किरण पडले की चमकणारा क्रिस्टल. त्याचं रिझोल्यूशन (शिखर त्याच्या ऊर्जेच्या किती टक्के रुंद दिसतं ते) काढायचं आणि त्याच बैठकीत किती प्रकाश मिळतो तेही पाहायचं, तर सगळ्यात आधी थर्मामीटर शोधा. किरणोत्सर्गी सोर्स, केबल, प्रीअँप (सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) कुणी विसरत नाही. मागच्या वेळी राहिला तो थर्मामीटरच, आणि रात्रभराचा स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती काउंट तो आलेख) त्याच्यापायी फुकट गेला.

सेन्सर भिंतीला नको, क्रिस्टलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला टेपने चिकटवा. एसीच्या रिमोटवरचा आकडा म्हणजे क्रिस्टलचं तापमान नव्हे. हा क्रिस्टल खोलीच्या तापमानाच्या आसपास तापला की दर अंशाला सुमारे 0.3 टक्के प्रकाश कमी देतो, वर फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे चमकेचा विजेचा सिग्नल करून तो वाढवणाऱ्या ट्यूबचा, गेनही (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) उतरतो. दोन्ही मिळून अर्धा टक्का धरा. दिवसा एसी चालू, रात्री बंद, मधे 10 अंशांचा फरक: शिखर 5 टक्के सरकलं आणि 7 टक्क्यांचं रिझोल्यूशन 7.8 दिसू लागलं. क्रिस्टल बिचारा ठणठणीत. दोन क्रिस्टलांच्या प्रकाशाची तुलना वेगवेगळ्या दिवशी करणार असाल, तर हे 5 टक्के सरळ उत्तरातच जातात.

क्रिस्टल एसीच्या झोतात ठेवू नका. ताशी 8 अंशांहून जलद बदल झाला तर तडा जाण्याची भीती. तीन इंची क्रिस्टलचा गाभा सावकाश तापतो, म्हणून डब्याचं तापमान स्थिरावल्यावरही दोन-तीन तास थांबा. हाय व्होल्टेज तेव्हाच चालू करून ठेवा, म्हणजे ट्यूबही रुळते. ध्रुवता आधी तपासा. व्होल्टेज चालू असताना ट्यूबवर उजेड पडू देऊ नका, एकदाही. नुसती उघडी राहिली असेल तरी रात्रभर अंधारात ठेवा, नाहीतर गोंगाट जात नाही.

क्रिस्टल आणि ट्यूबमधला सिलिकॉन ग्रीसचा थर पातळ, बुडबुडे अजिबात नकोत. ग्रीसचा अपवर्तनांक 1.46 च्या घरात, क्रिस्टलचा 1.85, प्रकाश तसाही अडखळतो, त्यात हवेची भर कशाला? डबा उघडायचा नाही. दमट हवेत क्रिस्टल पिवळा पडतो. काळी टेप लावा आणि खोलीतला दिवा चालू-बंद करून काउंट बदलतात का पाहा.

शेपिंग टाइमबाबत (अँप एका चमकेचा सिग्नल किती वेळ गोळा करतो त्याबाबत) घाई नको. या क्रिस्टलची चमक सुमारे 230 नॅनोसेकंदांत ओसरते, त्याला 1 मायक्रोसेकंद पुरतो. तीच सेटिंग थॅलियम घातलेल्या सीझियम आयोडाइडला चालवू नका. त्याची चमक मायक्रोसेकंदभर रेंगाळते, शेपिंग आखूड ठेवलं तर अर्धा प्रकाश मोजलाच जात नाही आणि दोष क्रिस्टलवर येतो.

सोर्स: सीझियम-137 ची 661.7 केईव्हीची (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) रेषा मुख्य. पण एका रेषेवर कॅलिब्रेशन, म्हणजे स्पेक्ट्रमचे चॅनल (खण) आणि ऊर्जा यांची जुळणी, होत नाही. शून्य केईव्ही शून्याव्या चॅनलवर असतंच असं नाही, आणि रुंदी भागिले शिखराचा चॅनल हे गणित त्या सरकलेल्या शून्यामुळे चुकतं. सोडियम-22 च्या 511 आणि 1274.5, जमल्यास अमेरिशियम-241 ची 59.5 घ्या. खालच्या रेषा सरळ रेषेवर बसणार नाहीत, कारण कमी ऊर्जेला हा क्रिस्टल दर केईव्हीमागे जास्त प्रकाश देतो. त्यांना ओढूनताणून बसवू नका. सोर्स इतका लांब ठेवा की डेड टाइम (यंत्र नवा काउंट घेऊ शकत नाही तो वेळ) 5 टक्क्यांच्या आत राहील. काउंट रेट वाढला की ट्यूबचा गेनही हलतो.

तापमान लिहिलं का? रात्रभराचा एकच स्पेक्ट्रम घेऊ नका. दहा-दहा मिनिटांचे घ्या आणि प्रत्येकाच्या फाइलच्या नावातच डब्याचं तापमान घाला. शिखर सरकलं तर तुकडे जुळवून बेरीज करता येते, एकाच लांब फाइलला काही इलाज नसतो.

प्रकाशासाठी एका फोटोइलेक्ट्रॉनचं (प्रकाशाने ट्यूबमध्ये सुटलेल्या इलेक्ट्रॉनचं) शिखर त्याच व्होल्टेजवर घ्या, अँपचा गेन किती पट वाढवला ते टिपा. दर एमईव्हीमागे (1,000 केईव्ही) 38,000 फोटॉन, ट्यूबची क्वांटम एफिशियन्सी (दर फोटॉनमागे सुटणारे इलेक्ट्रॉन) पावपट, म्हणजे 8,000 ते 9,000 फोटोइलेक्ट्रॉन अपेक्षित. 662 केईव्हीला नुसत्या मोजणीच्या चढउतारातून तीन ते सव्वातीन टक्क्यांच्या आसपास रुंदी येते. उरलेली बरीचशी क्रिस्टलच्या असमान प्रकाशाची, ती ग्रीस बदलून जाणार नाही.

शिखरात निदान 10,000 काउंट. फिट करताना कॉम्प्टनची (अर्धवट ऊर्जा सोडून निसटलेल्या किरणांची) पार्श्वभूमी वजा. बॅकग्राउंड वेगळं घ्या. सोर्स मोजून कुलपात. थर्मामीटर सगळ्यात शेवटी काढा, शेवटचा आकडा लिहून झाल्यावर.