कांद्याच्या मुळात पेशी विभागताना बघायची तर

कांदा जुना घ्या, वाळलेली मुळं खरवडून काढा आणि बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. सकाळी टोकाचे 2-3 मिमी कापून एक भाग ॲसेटिक ॲसिड, तीन भाग अल्कोहोलात रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी कोमट सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडात काही मिनिटं, मग स्लाइडवर ठेवून वर ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा लाल रंग) आणि कव्हरस्लिप.

स्लाइड ज्योतीवरून नुसती फिरवायची, उकळवायची नाही. माझी पहिली स्लाइड अशीच करपली होती! कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबा. सरकली की पेशी गुंडाळल्याच म्हणून समजा.

आता सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी, दाटीवाटीच्या पेशी शोधा. लांबट दिसल्या तर तुम्ही टोकापासून वर भरकटलात. विभाजनाच्या मधल्या टप्प्यात, मध्यावस्थेत, 16 गुणसूत्रं मधोमध रांगेत. त्यानंतरच्या टप्प्यात, पश्चावस्थेत, दोन्हीकडे 16-16 ओढली जातात, टोकं मागे लोंबत. बहुतेक पेशी मात्र नुसत्याच बसलेल्या दिसतील, धीर धरा.

अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन, मुळात सापडणार नाही. त्यासाठी कांद्याच्या फुलाची कोवळी, बंद कळी फोडून परागकोश घ्या. तिथे आधी 8 जोड्या दिसतात, आणि शेवटी एकाच्या चार पेशी, प्रत्येकीत 8.