सीएनसी राउटरच्या पेटीतली धूळ: या चुका टाळा

नवं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, जुळवून झालं, पहिली पाटी कोरून झाली, फोटो सगळ्यांना पाठवून झाले, की मग लोकांना धुळीची आठवण होते. तोवर रेलवर थर चढलेला असतो, लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचलं की थांबवणारं बटण) अडकायला लागलेला असतो आणि घरातली माणसं कुरकुरायला लागलेली असतात. मग घाईघाईत एक पेटी ठोकली जाते. पेटीला भोक, भोकाला पाइप, पाइपाला व्हॅक्युम. झालं डस्ट कलेक्शन! तर नाही झालं. तेच तेच प्रश्न इतक्यांकडून ऐकलेत की आता एकदाचं लिहून टाकतो.

पेटीच्या भिंतीत पाइप बसवून मोकळं होणं

ही सगळ्यांची लाडकी चूक. समज असा की पेटी बंद आहे, आतली हवा ओढली की तिच्याबरोबर भुसाही येईल. येत नाही. फुंकर मारून मेणबत्ती विझवता येते; तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. सोडलेली हवा झोत होऊन एका दिशेला जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. म्हणून तोंडापासून जरा दूर गेलं की ओढ संपते. ढोबळ हिशेब सांगायचा तर पाइपाच्या व्यासाइतकं अंतर सोडलं की हवेचा वेग तोंडाशी असतो त्याच्या जेमतेम 10 टक्के उरतो. भिंतीत 50 मिमीचा पाइप बसवलात, तर 50 मिमीवरच त्याचा अंमल संपला. आणि बिट (कोरणारं पातं) तिथून हातभर लांब, मिनिटाला 18,000 फेरे घेत भुसा भिरकावतंय.

पेटीचं काम आवाज कमी करणं आणि सुटलेली धूळ खोलीत जाऊ न देणं, एवढंच. गोळा करायचं काम डस्ट शूचं, म्हणजे बिटाभोवती बसणाऱ्या, ब्रशच्या कडेच्या तोंडाचं. त्यामुळे आधी शू, मग पेटी. उलट्या क्रमाने गेलेल्यांच्या पेट्या मी पाहिल्यात: आत एलईडी पट्टी, कॅमेरा, काचेचं दार, आणि तळाला बोटभर भुसा.

याच चुकीचं दुसरं टोक म्हणजे पेटी हवाबंद करणं. ओळखीतल्या एका गृहस्थांनी दाराच्या चारही कडांना फोमची पट्टी लावली होती आणि केबलच्या भोकांत सिलिकॉन भरलं होतं. काम देखणं, त्यात वाद नाही. व्हॅक्युम सुरू केला की ॲक्रिलिकचं दार आतल्या बाजूला फुगायचं, व्हॅक्युमचा आवाज चिरका व्हायचा आणि शूखाली भुसा जागच्या जागी. त्यांचं निदान ठरलेलं होतं, ‘मोटर कमी पडतेय, मोठी घ्यायला हवी.’ दार दोन बोटं उघडून धरा म्हटलं. आवाज तत्क्षणी खाली आला आणि भुसा सरसर वर जायला लागला. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी हवा आत यायला नको का? ती येतच नसेल तर मोटर कितीही मोठी आणा, ती नुसती गरगरणार.

माझी सवय अशी की हवा आत येण्याची वाट पाइपाच्या छेदाच्या किमान दुप्पट ठेवायची. 50 मिमीच्या पाइपाचा छेद साधारण 20 चौरस सेमी भरतो, म्हणजे 40 चौरस सेमीची खिडकी. तिच्यावर विरळ फिल्टर फोम, म्हणजे व्हॅक्युम बंद झाल्यावर धूळ उलटी बाहेर येत नाही. खिडकी अशा जागी काढायची की येणारी ताजी हवा मोटरवरून जाईल. हवेवर गार होणारी मोटर बंद पेटीत तासभर चालवली की हात लावायच्या लायकीची राहत नाही.

हातात धरायचा ट्रिम राउटर स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) म्हणून लावलेल्यांसाठी एक जादा गोष्ट. अशा बहुतेक राउटरचा पंखा हवा वरून घेतो आणि खाली, थेट बिटाच्या दिशेने सोडतो. म्हणजे शू ओढतोय आणि पंखा त्याच शूमधून भुसा बाहेर ढकलतोय. शूच्या वरच्या पट्टीत राउटरभोवती फट राहू देऊ नका, आणि पंख्याची हवा शूच्या वरूनच बाजूला वळेल अशी एक आडवी पट्टी घाला. व्हॅक्युमवर खर्च करण्याआधी हे करून बघा.

मोठं यंत्र, बारीक पाइप

शॉप व्हॅक (वर्कशॉपमधला दणकट व्हॅक्युम क्लीनर) आणि डस्ट कलेक्टर ही दोन वेगळी जनावरं आहेत. व्हॅकमध्ये ओढ जबरदस्त, पण हवा थोडी. म्हणून त्याला बारीक पाइप चालतो. डस्ट कलेक्टर हवा भरपूर हलवतो, पण ओढ अगदी बेताची. त्याला रुंद पाइपच लागतो. तरीही 100 मिमीच्या तोंडाला एकावर एक रिड्यूसर चढवून शूपाशी 35 मिमीचा पाइप आणणारे भेटतातच. छेद आठव्या हिश्श्यावर आला, हवा येणार कुठून? वर ‘एवढं मोठं मशीन असून ओढत नाही’ ही तक्रार आहेच.

हौशी आकाराच्या मशीनला शॉप व्हॅक, मध्ये सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खालच्या बादलीत पाडणारं नरसाळं) आणि 50 ते 65 मिमीचा पाइप एवढं पुरतं. वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप हवेला फार अडवतो, म्हणून तो फक्त हलणाऱ्या भागापुरता ठेवायचा. बाकी सगळा गुळगुळीत पीव्हीसी. काटकोनी एल्बोच्या जागी 45 अंशांचे दोन.

सायक्लोनखालची बादली हवाबंदच हवी. झाकणातून थोडी हवा आत शिरली तरी खाली बसलेली धूळ पुन्हा उठते आणि थेट फिल्टरवर जाते. पातळ प्लास्टिकची बादली पाइप तुंबला की चेपते, तेव्हा जाड बुडाची घ्या आणि गळ्याशी यायच्या आत रिकामी करा.

स्टॅटिक: ‘बोर्डच खराब आलाय’

एका मित्राचं मशीन काम अर्ध्यावर टाकून थांबायचं. कधी दहाव्या मिनिटाला, कधी चाळिसाव्या. स्क्रीनवर कधी लिमिट स्विचचा अलार्म, कधी यूएसबीच तुटलेलं. त्याने केबल बदलली, मग मोटरांना हुकूम देणारा कंट्रोलर बोर्ड, मग कॉम्प्युटर. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. बोर्ड विकणाऱ्याशी भांडून झालं. बिट न लावता, व्हॅक्युम बंद ठेवून हवेत चालवलं की तेच मशीन तोच प्रोग्रॅम शेवटपर्यंत बिनबोभाट चालवायचं. खरं तर इथेच शंका यायला हवी होती, पण घाईत असलेल्या माणसाला शंका येत नाही, तो नवा पार्ट मागवतो.

मी गेलो तेव्हा एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) काम चालू होतं आणि हवा कोरडी होती. पाइपाजवळ हात नेला तर मनगटापासून कोपरापर्यंतचे केस ताठ उभे राहिले. आणि तो पाइप बांधला होता कशाला? लिमिट स्विचच्या वायरलाच! केबल टाय मारून, दोन्ही शेजारी शेजारी, मस्त टापटीप. आम्ही बघत असतानाच ‘चट्’ असा आवाज झाला आणि मशीन जागच्या जागी थिजलं. ‘अरे, हे असं मधूनमधून होतं,’ तो शांतपणे म्हणाला.

प्लास्टिकच्या पाइपातून कोरडा भुसा घासत गेला की पाइपावर विद्युतभार साठतो, तेच हे स्टॅटिक, आणि हवा कोरडी असली की तो झिरपून जात नाही. माणसाला झटका जाणवायला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. कंट्रोलरच्या 5 व्होल्टवर चालणाऱ्या पिनांना चकवायला त्याच्या कितीतरी कमीही पुरतात. ठिणगी वायरमध्ये थेट शिरायलाच हवी असंही नाही, शेजारी उडाली तरी लिमिटच्या लांब वायरीत खोटा सिग्नल उमटतो.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा. आत तारेचा स्प्रिंग असलेला पाइप घ्यायचा, त्याच्या टोकाचं प्लास्टिक सोलून तार उघडी करायची आणि अर्थिंगला जोडायची. कार्बन मिसळलेला अँटिस्टॅटिक पाइप मिळाला तर उत्तमच, पण तोही कुठेतरी अर्थला लागला पाहिजे. नुसता लावून उपयोग नाही. मग मशीन. सांगाड्याचे भाग बोल्टने एकमेकांना जोडलेले असले म्हणजे अर्थिंग झालं, हा गैरसमज फार आहे. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा वरचा थर वीज वाहू देत नाही. मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या अर्थला आणि दुसरी स्पिंडलच्या अंगाला लावून बघा. एक-दोन ओहमच्या आत आकडा आला तर ठीक, नाहीतर गॅन्ट्रीला (स्पिंडल धरून सरकणारी आडवी कमान) वेगळी वायर ओढा. लिमिटला शिल्डेड वायर घ्या आणि शिल्ड एकाच टोकाला, कंट्रोलरकडे, जोडा. आणि सिग्नलची कुठलीही वायर पाइपाला बांधू नका.

त्या मित्राचं मशीन पाइप अर्थ केल्यावर आणि वायर वेगळी केल्यावर सुधारलं. उतरवलेला जुना बोर्ड अजून त्याच्याकडे पडलाय. चांगला आहे.

जाता जाता: व्हॅक्युम आणि कंट्रोलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. व्हॅक्युमची मोटर सुरू होताना जो धक्का बसतो, त्यानेही बोर्ड रीसेट होतो आणि लोक त्याचं खापर स्टॅटिकवर फोडतात.

पाइप ओढला जातो, स्टेप चुकतात

पाइप पेटीच्या बाजूने आणला की गॅन्ट्री लांबच्या कोपऱ्यात गेल्यावर तो ताणला जातो, आणि ताणला गेला की मोजून पावलं टाकत फिरणाऱ्या स्टेपर मोटरच्या स्टेप चुकतात. पुढचं सगळं कोरीवकाम दोन-तीन मिमी सरकलेलं. पाइप नेहमी वरून, मधोमध, लवचिक दोरीवर टांगलेला असावा. काम सुरू करण्याआधी झेड (बिट वरखाली नेणारा अक्ष) एकदा पूर्ण वर आणि एकदा पूर्ण खाली ठेवून गॅन्ट्री चारही कोपऱ्यांत फिरवून बघा. मोजून दोन मिनिटांचं काम आहे, आणि तेवढा धीर नसलेल्यांचं लाकूड वाया जाताना मला फारसं वाईटही वाटत नाही.

दिसतो तो भुसा, दिसत नाही ती धूळ

तळाला पडलेल्या ढलप्या झाडूने निघतात. फुफ्फुसात खोल जाते ती काही मायक्रॉनची धूळ, जी उजेडाच्या तिरपेत तेवढी दिसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला 1995 मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. एमडीएफमध्ये त्याशिवाय फॉर्मल्डिहाइडवाला राळ असतो. कापडी पिशवीचा डस्ट कलेक्टर मोठा भुसा धरतो आणि हीच बारीक धूळ गाळून खोलीभर पसरवतो. यापेक्षा तो बंद असलेला बरा. फिल्टर हेपाच घ्या, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा. पुढे सायक्लोन असेल तर तो बराच काळ टिकतो.

आणि काम संपल्या संपल्या दार उघडू नका! स्पिंडल थांबलं तरी पेटीत धूळ तरंगत असते. व्हॅक्युम आणखी काही मिनिटं चालू द्या. कोरलेलं कसं दिसतंय ते बघायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून मास्क दाराच्या कडीलाच अडकवून ठेवा.

धूळ मुळात जास्त का होतेय?

हे कुणी विचारतच नाही. नवशिके भीतीने फीड (बिट लाकडातून पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवतात आणि फेरे पूर्ण. मग बिट लाकूड कापत नाही, घासतं. ढलपीऐवजी पूड पडते, बिट तापतं, लाकूड काळवंडतं. 18,000 फेरे, दोन धारा आणि मिनिटाला 1,800 मिमी फीड असेल तर प्रत्येक धारेच्या वाट्याला 0.05 मिमी लाकूड येतं. फीड 400 केलात तर 0.011. ती पूडच होणार. फीड वाढवा किंवा फेरे उतरवा, धूळ निम्मी वाटायला लागेल.

काळवंडण्याकडे काणाडोळा करू नका. धुमसणारा एखादा कण किंवा क्लॅम्पच्या स्क्रूवर बिट आदळून उडालेली ठिणगी थेट भुशाच्या बादलीत जाते आणि तिथे बराच वेळ गुपचूप धुमसत राहते. घरगुती पाइपात धुळीचा स्फोट होईल या चिंतेने लोक वाद घालतात. मला बादलीची भीती जास्त वाटते. दिवसाच्या शेवटी माझी बादली बाहेर, झाकणाच्या लोखंडी डब्यात रिकामी होते, रात्री खोलीत राहत नाही.

उरलेल्या

शूचा ब्रश झेडबरोबर वरखाली होणारा असेल तर खोल कापताना केस दुमडतात आणि उथळ कापताना अधांतरी राहतात. उंची वेगळी ठरवता येणारा शू घ्या. केस बिटात गुंततील इतके आत नसावेत.

डाउनकट बिट भुसा खाचेत दाबून बसवतं. शूला दोष देऊ नका.

कॉम्प्रेसरच्या हवेने रेल साफ करू नका, धूळ बेअरिंगमध्ये जाते. ब्रश आणि व्हॅक्युम वापरा.

ॲल्युमिनियम कापायच्या आधी बादलीतला लाकडाचा भुसा काढून टाका.

व्हॅक्युम आपोआप सुरू-बंद करायचा असेल तर जीआरबीएलमध्ये (कंट्रोलरवर चालणारं सॉफ्टवेअर) कूलंटचे, म्हणजे बिट गार ठेवणाऱ्या द्रवाचे, एम8 (सुरू) आणि एम9 (बंद) कोड रिकामेच असतात, ते वापरा. एम8 नंतर जी4 पी3 टाकलं की व्हॅक्युम वेग धरेपर्यंत मशीन तीन सेकंद थांबतं; शेवटी एम9 च्या आधी जी4 पी120 टाका, म्हणजे काम संपल्यावर दोन मिनिटं व्हॅक्युम चालूच राहील. मात्र व्हॅक्युमची मोटर बोर्डावरच्या निळ्या चिमुकल्या रिलेवर चालवू नका. सुरू होतानाच्या प्रवाहाने त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि व्हॅक्युम बंदच होत नाही. त्या रिलेने कॉन्टॅक्टर (जड प्रवाह पेलणारा मोठा रिले) ओढायचा, व्हॅक्युम कॉन्टॅक्टरवर.